कॅप टेबलमध्ये तुमची ओळ कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न : पगार, हुद्दा आणि फायनान्समधली नोकरी

या वेळी आलेल्या पत्रांतली तीन घेतली आहेत. तिन्ही तंत्रज्ञान स्टार्टअपमध्ये फायनान्सचं काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्यांची आहेत. मी स्वतः या कामात १७ वर्षं काढली, तीन स्टार्टअपमध्ये. पहिली विकली गेली, दुसरी अजून चालू आहे, तिसरी बंद पडली आणि तिचे शेवटचे पगार मीच वाटले. त्यामुळे खाली जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं अंगावरून गेलेलं आहे.

*

ताई, मी २९ वर्षांची आहे. पाच वर्षं ऑडिट केलं, मग दोन वर्षं एका मोठ्या उत्पादन कंपनीत कॉर्पोरेट फायनान्स. आता ६० माणसांच्या एका सॉफ्टवेअर स्टार्टअपनं ‘हेड ऑफ फायनान्स’ म्हणून ऑफर दिली आहे. पगार आत्तापेक्षा २० टक्के कमी, पण सोबत ४०,००० स्टॉक ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला पुढे घ्यायचा हक्क. फाउंडर म्हणतात, पाच वर्षांत याचं सोनं होईल. घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. काय करू? आणि इथून सीएफओ, म्हणजे कंपनीच्या फायनान्सची सर्वोच्च अधिकारी, व्हायला किती वर्षं लागतात?

तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत, फक्त एक नाही. कंपनीचे एकूण शेअर किती? ४०,००० हा नुसता अंश झाला, छेद कुठे आहे? एकूण शेअर एक कोटी असतील तर तुमचा वाटा ०.४ टक्के. दहा कोटी असतील तर ०.०४ टक्के. दोन्हींत दहापट फरक, आणि ऑफर लेटरवर दोन्हीकडे ४०,०००च लिहिलेलं असतं. छेद मागताना ‘फुल्ली डायल्यूटेड’ मागा. म्हणजे आज वाटलेले शेअर, कर्मचाऱ्यांना ऑप्शन द्यायला राखून ठेवलेला सगळा साठा (ईसॉप पूल), आणि पुढे शेअरमध्ये बदलणारे सगळे रोखे धरून.

ऑडिटमधून आलेल्या माणसाला हे मी सांगावं, याचं मला वाईट वाटतं. पण वर्षानुवर्षं हेच पाहते आहे. दुसऱ्याच्या ताळेबंदात थोडा फरक राहिला तर आपल्याला झोप लागत नाही, आणि स्वतःच्या ऑफर लेटरवर आपण जोडपत्र न वाचता सही करतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कॅप टेबल, म्हणजे कंपनीत कोणाचा किती वाटा आहे त्याचा तक्ता, सांभाळणं उद्या तुमचंच काम असणार आहे. मग त्यातली स्वतःची ओळ आजच नीट पाहा.

छेद कळला की पुढचं विचारा. स्ट्राइक प्राइस किती, म्हणजे तो शेअर घ्यायला तुम्हाला किती मोजावे लागतील. व्हेस्टिंग कसं, म्हणजे ऑप्शन तुमच्या हक्काचे कधी आणि किती होत जातात? सर्रास दिसतं ते चार वर्षांचं, पहिल्या वर्षाचा क्लिफ धरून. वर्षाच्या आत सोडलंत तर हाती काहीच नाही, नंतर दर महिन्याला किंवा तिमाहीला थोडं थोडं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गुंतवणूकदारांनी आजवर एकूण किती पैसे घातले आहेत आणि त्यांची लिक्विडेशन प्रेफरन्स काय आहे, म्हणजे कंपनी विकली तर इतरांच्या आधी त्यांना किती मिळणार?

समजा गुंतवणूकदारांनी ६० घातले. त्यांचे शेअर प्रेफर्ड, म्हणजे पैसे आधी मिळणारे; तुमचे कॉमन, म्हणजे त्यांच्यानंतरचे. शेवटच्या राउंडला, म्हणजे निधी उभारण्याच्या फेरीला, कंपनीचं मूल्य २०० ठरलं. तुम्ही ०.४ टक्क्यांचा हिशेब २००वर करता आणि मनात आकडा पक्का होतो. उद्या कंपनी ५०ला विकली गेली. साध्या एकपट प्रेफरन्समध्येही आधी गुंतवणूकदार आपले ६० मागणार, आणि आहेतच ५०. कॉमनपर्यंत काहीच येत नाही. ०.४ टक्के असोत की चार टक्के, उत्तर शून्य.

हे पुस्तकातलं उदाहरण वाटत असेल तर २०१५ सालचा एक व्यवहार आठवा. गुड टेक्नॉलॉजी नावाची मोबाइल सुरक्षेची कंपनी ब्लॅकबेरीनं ४२.५ कोटी डॉलरला घेतली. तिचं मूल्य त्याआधी १०० कोटी डॉलरच्या वर धरलं जात होतं. विक्रीत गुंतवणूकदारांच्या प्रेफर्ड शेअरला तीन डॉलरच्या आसपास मिळाले आणि कर्मचाऱ्यांच्या कॉमन शेअरला ४४ सेंट. काही जणांनी त्याआधी चढ्या किमतीवर करही भरून टाकला होता. त्या लोकांनी काही चुकीचं केलं नव्हतं, त्यांच्या कंपनीचं नाव गाजत होतं, आणि तरीही असं झालं.

शिवाय दर राउंडला वाटा पातळ होत जातो. आज ०.४ टक्के, पुढच्या दोन राउंडना प्रत्येक वेळी राउंडनंतरच्या एकूण शेअरपैकी २० टक्के नवे असतील तर ०.४ चे ०.३२ होतात आणि मग ०.२५६. यात कोणी फसवत नाही. कंपनीचं मूल्य त्याहून वेगानं वाढलं तर तुमचा फायदाच आहे. फक्त पाच वर्षांनंतरचं सोनं मोजताना आजचा टक्का धरू नका.

माझा स्वतःचा नियम असा आहे: घरखर्चाच्या हिशेबात ऑप्शनची किंमत शून्य धरायची. तेवढ्या पगारात दोन वर्षं कर्ज न काढता निघत असतील तर नोकरीचा विचार करायचा, नाहीतर नाही. ‘बाजारात तुरी’ अशी गत करून घेऊ नका. २० टक्के कमी पगार हा मला अवास्तव वाटत नाही. लहान स्टार्टअप रोख कमी आणि हिस्सा जास्त देते, आणि ती मोठी होत जाते तशी रोख वाढते आणि हिस्सा घटतो. पण २० टक्के सोडताना बदल्यात काय घ्यायचं हे तुमच्या हातात आहे. पुढचा राउंड बंद झाला की अमुक महिन्यात पगाराचा फेरविचार होईल, हे लेखी घ्या. नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायची मुदत अनेक ठिकाणी फक्त ९० दिवसांची असते, ती वाढवून मागा. ती किती महत्त्वाची आहे ते खालच्या पत्रात येईलच. आणि कंपनी विकली जाऊन तुम्हाला काढलं, तर उरलेलं व्हेस्टिंग तिथल्या तिथे पूर्ण व्हावं असं कलम मागा. त्याला ‘डबल ट्रिगर’ म्हणतात. फायनान्सच्या प्रमुखासाठी हे कलम फार मोलाचं आहे, कारण कंपनी विकली गेल्यावर ज्या खुर्च्या दोन-दोन होतात त्यांत आपली खुर्ची हमखास असते.

मुलाखतीत एक गोष्ट थेट विचारा: बँकेत आज किती आहेत आणि महिन्याला निव्वळ किती जातात? पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की रनवे, म्हणजे पैसे किती महिने पुरतील ते. १८ महिने असेल तर श्वास घ्यायला जागा आहे. सात-आठ महिने असेल तर तुमचं पहिलं काम एकतर निधी उभा करणं असेल किंवा माणसं कमी करणं. त्या तयारीनं जा. हेड ऑफ फायनान्स म्हणून ज्याला घ्यायचं त्यालाच फाउंडर हा आकडा सांगत नसतील, ताकास तूर लागू देत नसतील, तर ती नोकरी घेऊ नका. यात मी जराही मवाळ नाही.

आता सीएफओचं. ‘हेड ऑफ फायनान्स’ हा सैल हुद्दा आहे. उद्या तुमच्या डोक्यावर व्हीपी किंवा सीएफओ येणार की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून हुद्द्याऐवजी तीन गोष्टी बघा: तुम्ही थेट फाउंडरला रिपोर्ट करणार का, बोर्डाच्या बैठकीत तुम्ही बसणार का, आणि स्वतःची माणसं नेमायचा अधिकार तुम्हाला आहे का. वर्षांचं गणित मी सांगणार नाही, कारण या क्षेत्रात पगार नि हुद्दा वर्षांवर वाढताना मी पाहिला नाही. कोणत्या निर्णयावर तुमची सही लागते, त्यावर तो वाढतो.

माझ्या दुसऱ्या कंपनीतला प्रसंग सांगते. रुजू होऊन चौथा महिना. बोर्डाच्या सादरीकरणाची एक स्लाइड माझ्याकडे आकडे जुळवायला आली. एका ग्राहकानं वर्षभराच्या सॉफ्टवेअर सेवेचे १,२०० आगाऊ भरले होते, आणि स्लाइडवर त्या महिन्याच्या उत्पन्नात सरळ १,२०० धरलेले. आयएफआरएस १५ हे उत्पन्नाच्या नोंदीचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात उत्पन्न सेवा दिली जाईल तसं धरायचं असतं. म्हणजे त्या महिन्याचे १००, आणि उरलेले ११०० हे देणं, कारण ती सेवा अजून द्यायची आहे. मी सगळे करार उघडले. असे आणखी नऊ निघाले. रात्री साडेअकराला मी एक शीट तयार केली: प्रत्येक करार एका ओळीत, पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने, शेवटी बाकी. दुसऱ्या दिवशी स्लाइडवरचा उत्पन्नाचा उंच खांब निम्म्यावर आला. फाउंडर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाटलं, नोकरी जाते आता.

पाच महिन्यांनी पुढच्या राउंडची छाननी आली. गुंतवणूकदारांच्या लेखापरीक्षकांनी पहिल्याच यादीत विचारलं, आगाऊ रकमांचा करारवार तक्ता आहे का? मी तो त्याच दुपारी पाठवला. राउंड बंद झाल्यावर त्याच फाउंडरनी बोलावून माझा पगार एकतृतीयांशानं वाढवला आणि बोर्डाच्या बैठकीत कायमची खुर्ची दिली. दहा ओळींच्या त्या शीटनं जे केलं ते माझ्या आधीच्या चार वर्षांच्या वार्षिक मूल्यमापनांनी केलं नव्हतं. तुम्ही ऑडिटमधून येता, असे तक्ते तुम्हाला झोपेतही जमतील. तुमची खरी पुंजी ती आहे. तेव्हा छेद विचारा, रनवे विचारा, आणि दोन्ही उत्तरं सरळ आली तर जा.

*

एका स्टार्टअपमध्ये मी फायनान्सचा पहिला माणूस होतो. तेव्हा आम्ही १४ जण होतो, आज ३०० आहोत. सहा वर्षं झाली. बिलं मी बनवली, पगार मी काढले, तीन राउंडची छाननी मी पार पाडली. आता बोर्डानं ठरवलंय की शेअर बाजारात उतरायच्या तयारीसाठी बाहेरून सीएफओ आणायचा. मी ३८ वर्षांचा आहे. मी कमी पडलो का? राजीनामा द्यावा असं रोज वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझ्या पहिल्या कंपनीत हेच माझ्या बाबतीत घडलं होतं. आधी ‘कमी पडलो का’ याचं उत्तर देते. नाही. बाजारात उतरायच्या आधी बाहेरून सीएफओ आणणं ही या क्षेत्राची रीतच आहे. उबरनं नेल्सन चाय यांना २०१८ मध्ये आणलं आणि मे २०१९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. एअरबीएनबीनं डेव्ह स्टीफन्सन यांना जानेवारी २०१९ मध्ये ॲमेझॉनमधून आणलं, डिसेंबर २०२० मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. स्नोफ्लेकनं माइक स्कारपेली यांना २०१९ मध्ये घेतलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये बाजार गाठला. हेच स्कारपेली २०१२ मध्ये सर्व्हिसनाऊ बाजारात आली तेव्हा तिथे सीएफओ होते. बोर्डाला आणि बँकांना अशा वेळी हवा असतो तो हा घाट आधी चढून आलेला माणूस. तुमच्या सहा वर्षांच्या कामाचा तो निकाल नव्हे.

दुःख होणारच. जी घडी तुम्ही बसवली तिच्यावर दुसरं कोणी येऊन बसणार. ते दुःख मी नाकारत नाही. पण त्या भरात राजीनामा देऊ नका, कारण मी दिला होता.

नवे सीएफओ आल्यावर अकराव्या आठवड्यात मी चिठ्ठी ठेवली. ऑप्शनचं कलम मी चार वर्षांपूर्वी एकदा वाचलं होतं, तेवढंच. शेवटच्या दिवशी एचआरनं एक पान पुढे केलं: ९० दिवसांत पैसे भरून शेअर घ्या, नाहीतर हक्क रद्द. स्ट्राइक प्राइस आणि वर लागणारा कर मिळून रक्कम माझ्या जवळपास अकरा महिन्यांच्या पगाराएवढी होती. मी ती उभी करू शकले नाही. ९१व्या दिवशी माझं चार वर्षांचं व्हेस्टिंग पूलमध्ये परत गेलं. दोन वर्षांनी कंपनी चांगल्या किमतीला विकली गेली, आणि माझ्या हाताखाली रुजू झालेल्या मुलानं त्या पैशातून घर घेतलं. त्याचं मला खरंच बरं वाटलं. पण ते पान मी आधी काढून वाचलं असतं तर त्या घाईनं उठले नसते. बैल गेला अन् झोपा केला, असं झालं माझं.

म्हणून आज संध्याकाळी पहिलं काम करा: तुमचं मूळ ग्रँट लेटर, म्हणजे ऑप्शन दिल्याचं पत्र, काढा. तुम्हाला सहा वर्षं झाली. व्हेस्टिंग चार वर्षांचं असेल तर ते दोन वर्षांपूर्वीच संपलं आहे. मध्ये नवा ‘रिफ्रेश’ ग्रँट मिळाला नसेल तर गेली दोन वर्षं तुम्ही फक्त पगारावर काम करता आहात, आणि नव्यानं आलेल्या कनिष्ठ माणसाच्या हाती तुमच्याहून जास्त न पिकलेले ऑप्शन असू शकतात. ही गोष्ट कोणी मुद्दाम करत नाही. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लक्ष ठेवणारा माणूस तुम्हीच असता आणि स्वतःकडे बघत नाही.

हीच तुमची बोलणी करायची वेळ, नवा माणूस यायच्या आधीची. फाउंडरकडे जा आणि शांतपणे सांगा की तीन राउंडचे कागद, करारांचा इतिहास आणि कॅप टेबलचा प्रत्येक बदल फक्त तुमच्याकडे आहे, आणि बाजारात उतरताना लेखापरीक्षक मागचे सगळे आकडे उकरतात. हे धमकी म्हणून बोलू नका, ती वस्तुस्थिती आहे. मागायचं ते असं: व्हीपी किंवा कंट्रोलर (हिशेबाचा प्रमुख) असा स्पष्ट हुद्दा, चार वर्षांचा नवा ग्रँट, आणि जुन्या ऑप्शनसाठी वाढीव मुदत. सीएफओ आल्यावर हे सगळं त्यांच्या बजेटमधून मागावं लागतं, आणि तेव्हा ते स्वतःची माणसं आणण्यात गुंतलेले असतात.

मग थांबा, निदान नोंदणी होईपर्यंत. अमेरिकेत २००२च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानं नोंदणीकृत कंपन्यांना आपल्या अंतर्गत नियंत्रणांवर व्यवस्थापनाची लेखी ग्वाही द्यावी लागते, आणि इतर बाजारांतही त्या धाटणीचे नियम आहेत. कोण बिल मंजूर करतं, कोण पैसे सोडतं, दोघं वेगळे आहेत का, हे सगळं लिहून, तपासून दाखवावं लागतं. १४ माणसांच्या कंपनीत ही दोन्ही कामं तुम्ही एकटे करत होतात. ती तोडून व्यवस्था उभी करण्याचा अनुभव घेतलात, की पुढची लहान कंपनी तुम्हाला सीएफओ म्हणून बोलावेल. माझ्या ओळखीत तिघं असेच सीएफओ झाले. तिघांनीही आधी दुसऱ्याच्या हाताखाली एक नोंदणी पार पाडली होती.

*

मी २६ वर्षांची. आमच्या टीमची फेररचना झाली. माझ्या दोन सहकाऱ्यांना ‘स्ट्रॅटेजिक फायनान्स’ मिळालं, मला ट्रेझरी, म्हणजे कंपनीची रोकड सांभाळणं, आणि वसुली. ते पुढच्या वर्षांच्या अंदाजांची मॉडेल बनवतात, मी ग्राहकांना बिलाची आठवण करते. पगार सारखाच आहे, पण मला बाजूला टाकलं असं वाटतं.

९ मार्च २०२३ला सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२०० कोटी डॉलर काढायचा प्रयत्न केला. १० मार्चला, शुक्रवारी, बँक बंद झाली. ठेव विम्याची हद्द प्रत्येक ठेवीदाराला अडीच लाख डॉलर, आणि तिथे खाती होती ती स्टार्टअपची, कोट्यवधींची. रोकू या कंपनीनं जाहीर केलं की तिची ४८.७ कोटी डॉलर रोकड, एकूण रोकडीच्या सुमारे २६ टक्के, तिथेच आहे. रविवारी सरकारी यंत्रणांनी सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. पण मधल्या दोन दिवसांत असंख्य कंपन्यांत एकच प्रश्न विचारला जात होता: पगार कुठून करायचे? पाच वर्षांच्या मॉडेलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे ट्रेझरी होती त्यांच्याकडे होतं.

तेव्हापासून बोर्डाच्या बैठकीत मला सर्वांत आधी विचारलं जायचं ते हेच: पैसे किती बँकांत आहेत, कुठल्या खात्यात, किती दिवसांत मोकळे होतात. तुमच्या सहकाऱ्यांचं काम चांगलं आहे, तेही शिका. पण तुम्हाला मिळालेलं काम बाजूचं नाही.

ते दिसेल असं करा. १३ आठवड्यांचा रोकड अंदाज सुरू करा. वर तेरा रकाने. खाली येणारे पैसे: ग्राहकवार, बिलावरच्या तारखेनं नाही तर तो ग्राहक खरोखर भरतो त्या सवयीनं. ३० दिवसांच्या मुदतीचा ग्राहक मागच्या चार वेळा ५२ दिवसांनी भरत असेल तर ५२ धरा. हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही, कारण फोन तुम्ही करता. मग जाणारे पैसे: पगार, कर, सर्व्हरचं भाडं, विक्रेते. शेवटी शिल्लक. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवा, फरक का पडला ते एका ओळीत लिहा, आणि न मागता तुमच्या प्रमुखांना पाठवा. सहा सोमवार झाले की पगाराचं बोलायला वेळ मागा, आणि ती सहा पानं सोबत न्या.